नॅनो शेतीचे शिक्षण : आधी माती, मग सूक्ष्मकण

बारावीनंतरच्या अभ्यासक्रमांच्या माहितीपत्रकांत ‘नॅनो’ हा शब्द अलीकडे वारंवार दिसू लागला असून, शेती व पर्यावरणाशी तो जोडला गेल्यामुळे विद्यार्थ्यांना त्याचे आकर्षण आणि पालकांना त्याची धास्ती वाटणे स्वाभाविक आहे. नॅनोमीटर म्हणजे मिलीमीटरचा दहा लाखावा भाग आणि साधारणपणे १ ते १०० नॅनोमीटर आकाराच्या कणांचा अभ्यास व उपयोग करणारी शाखा म्हणजे नॅनोतंत्रज्ञान. पदार्थाचे इतके बारीक कण केले की वजन तेवढेच राहूनही त्याचे एकूण पृष्ठफळ अनेक पटींनी वाढते आणि परिणामी त्याची विद्राव्यता व रासायनिक क्रियाशीलता बदलते.

शेतीला या बदलाची गरज भासते ती प्रामुख्याने खतांच्या नासाडीमुळे. जमिनीत दिलेल्या युरियातील नत्राचा निम्म्याहून अधिक भाग बहुधा पिकाच्या उपयोगी पडत नाही. त्यातील काही अमोनिया होऊन हवेत उडतो, काही नायट्रेटच्या रूपात पाण्याबरोबर झिरपून विहिरींपर्यंत पोहोचतो, तर थोड्या भागाचा नायट्रस ऑक्साइड हा वायू बनतो, ज्याचा तापमानवाढीवरील परिणाम वजनास वजन कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे २७० पट असतो. यावर उपाय म्हणून श्रीलंकेतील संशोधकांनी हायड्रॉक्सिॲपेटाइट या कॅल्शियम व फॉस्फेटयुक्त खनिजाच्या नॅनोकणांवर युरियाचे रेणू बसवले आणि त्याचे निष्कर्ष २०१७ मध्ये प्रसिद्ध केले. या संयुगातून युरिया एकदम न विरघळता सावकाश सुटतो. भातावरील त्यांच्या शेतचाचणीत युरियाची मात्रा निम्मी करूनही उत्पादन घटले नाही, उलट सुधारले. वाहक खनिजातच स्फुरद असल्यामुळे जमिनीत परका पदार्थ साचण्याची चिंताही येथे कमी राहते, आणि या कल्पनेचे खरे चातुर्य तेथेच आहे.

भारतातील अनुभव अधिक गुंतागुंतीचा असून, या क्षेत्राकडे वळू इच्छिणाऱ्याने तो बारकाईने वाचला पाहिजे. इफको या सहकारी संस्थेने २०२१ मध्ये द्रवरूप नॅनो युरिया आणला आणि ५०० मिलीलीटरची एक बाटली ४५ किलोच्या एका गोणीची जागा घेईल असे सांगितले. ९४ पिकांवरील सुमारे ११ हजार शेतचाचण्यांत उत्पादन सरासरी ८ टक्क्यांनी वाढल्याचा दाखलाही दिला. तथापि त्या बाटलीत नत्राचे प्रमाण ४ टक्के, म्हणजे २० ग्रॅम होते, तर गोणीत ४६ टक्के या हिशेबाने सुमारे २० किलो ७०० ग्रॅम नत्र असते. गोणीतील केवळ ३० टक्के नत्र पिकाला मिळते असे धरले तरी ते ६ किलोंच्या वर जाते. मग पानांवर फवारलेले २० ग्रॅम नत्र पूर्णपणे शोषले गेले तरी ही तूट कशी भरून निघते, हा प्रश्न कृषी रसायनशास्त्राच्या कोणत्याही विद्यार्थ्याला पडायला हवा. तो अनेक वैज्ञानिकांना पडलाही. पंजाब कृषी विद्यापीठाच्या दोन वर्षांच्या प्रयोगात, नेहमीच्या नत्रखताचा काही भाग कमी करून त्याजागी नॅनो युरियाची फवारणी केली असता भाताचे उत्पादन सुमारे १३ टक्क्यांनी आणि गव्हाचे सुमारे २१ टक्क्यांनी घटल्याचे आढळले. इफकोला हे निष्कर्ष मान्य नाहीत. पुढील उत्पादनात नत्राचे प्रमाण वाढवण्यात आले, तरी वाद मिटलेला नाही. या क्षेत्रात नवे उत्पादन सुचवणाऱ्यांची वाण नाही. ते निःपक्षपातीपणे तपासणाऱ्यांची मात्र आहे, आणि करिअरची खरी जागा तेथे दिसते.

ही तपासणी उत्पादनाच्या आकड्यांपुरती मर्यादित राहू शकत नाही. चांदी, तांबे किंवा झिंक ऑक्साइड यांचे नॅनोकण बुरशी व जीवाणूंचा बंदोबस्त करतात खरे, परंतु मात्रा वाढली तर नत्र स्थिर करणाऱ्या उपयुक्त जीवाणूंनाही ते सोडत नाहीत. केंद्र सरकारने २०२० मध्ये नॅनो कृषी निविष्ठांच्या, म्हणजे खते, कीडनाशके आदी शेतीत वापरायच्या उत्पादनांच्या, मूल्यमापनासाठी मार्गदर्शक तत्त्वे जाहीर केली आहेत. त्यांनुसार सुरक्षितता व परिणामकारकतेची माहिती गोळा करण्यासाठी विषशास्त्र, मृदा सूक्ष्मजीवशास्त्र आणि संख्याशास्त्र जाणणारे लोक लागतात.

महाराष्ट्रातील विद्यार्थ्याला एक अनुकूलता जन्मतः लाभलेली आहे, ती म्हणजे दख्खनची काळी जमीन. पावसाळ्यात फुगणारी आणि उन्हाळ्यात भेगाळणारी ही माती तशी वागते, कारण तिच्यातील स्मेक्टाइट गटाच्या चिकणमातीचे थर प्रत्येकी सुमारे एक नॅनोमीटर जाडीचे असून त्यांच्या मधल्या पोकळीत पाणी शिरते. मृदाशास्त्रज्ञ क्ष-किरणांच्या साहाय्याने हे थर कित्येक दशके मोजत आले आहेत. म्हणजे ‘नॅनो’ हे नाव गाजण्यापूर्वीच त्या मापावरचे काम मृदाशास्त्रात चालू होते.

म्हणूनच पदवीच्या पातळीवर ‘नॅनो’ नावाचा अभ्यासक्रम निवडण्याची घाई करू नये, असे येथे स्पष्टपणे सांगणे आवश्यक वाटते. राहुरी, अकोला, परभणी व दापोली येथील कृषी विद्यापीठांशी संलग्न महाविद्यालयांतील चार वर्षांची कृषी पदवी, किंवा रसायनशास्त्रातील बी.एस्सी., हा पाया अधिक भक्कम आहे. कृषी पदवीसाठी राज्याच्या सामाईक प्रवेश परीक्षेतून जावे लागते आणि अखेरच्या वर्षातील ग्रामीण कृषी कार्यानुभवामुळे प्रयोगशाळेबाहेरचे शेत कसे असते याची जाण येते, जी निव्वळ रसायनशास्त्राच्या विद्यार्थ्याला पुढे मुद्दाम मिळवावी लागते. त्यानंतर मृदविज्ञान व कृषी रसायनशास्त्रात पदव्युत्तर पदवी घेऊन संशोधनासाठी नॅनोचा विषय निवडता येतो. कोइम्बतूरच्या तामिळनाडू कृषी विद्यापीठात नॅनोविज्ञानाचा स्वतंत्र विभाग आहे, मोहालीत याच विषयाला वाहिलेली राष्ट्रीय संस्था आहे, आणि माटुंग्याच्या केंद्रीय कापूस तंत्रज्ञान संशोधन संस्थेत कापसापासून नॅनोसेल्युलोज तयार करण्यावर काम झाले आहे.

नोकरीबाबत पालकांची शंका रास्त आहे. पदनामात ‘नॅनो’ असलेल्या जागा मोजक्याच निघतात. मात्र मृदाशास्त्रज्ञ, खत उद्योगातील संशोधक व गुणवत्ता नियंत्रक, माती परीक्षण प्रयोगशाळांतील विश्लेषक, कृषी सेवेतील अधिकारी या ओळखीच्या पदांसाठी हाच पाया चालतो. शास्त्रज्ञ होण्यासाठी सहसा पीएच.डी. लागते, म्हणजे बारावीनंतर नऊ-दहा वर्षांची तयारी ठेवावी लागते, आणि घरच्या आर्थिक परिस्थितीचा विचार करून हा हिशेब आधीच मांडलेला बरा.

संस्थेत प्रवेश घेण्यापूर्वी पालकांनी तीन गोष्टी विचाराव्यात : इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शी विद्यार्थ्याला प्रत्यक्ष हाताळायला मिळतो की केवळ काचेतून दाखवला जातो, विभागाकडे स्वतःचे प्रक्षेत्र आहे की नाही, आणि मागील विद्यार्थ्यांच्या प्रबंधांत किमान दोन हंगामांच्या शेतचाचण्या आहेत की सगळे प्रयोग कुंड्यांतच आटोपले आहेत. उत्तरे टाळली जात असतील, तर शुल्क भरण्याआधी दुसरी संस्था पाहावी.