फीड-वाचक आणि मराठीचा दूरस्थ अभ्यासक

काशीला मराठी नवी नाही. दुर्गाघाट-ब्रह्माघाटाच्या परिसरात मराठी कुटुंबे पिढ्यान्‌पिढ्या नांदली; १९२० मध्ये सुरू झालेल्या ‘आज’ या हिंदी दैनिकाचे ख्यातनाम संपादक बाबूराव विष्णू पराडकर हेही याच नगरीत जन्मलेले मराठी गृहस्थ. तरीही पुण्या-मुंबईत नवे काय लिहिले जात आहे, हे येथे बसून नियमितपणे कळावे कसे, हा प्रश्न उरतोच. रोज वीस-पंचवीस संकेतस्थळे उघडून पाहणे हा अभ्यास नव्हे, वणवण होय. समाजमाध्यमांवर भिस्त ठेवावी, तर काय दिसावे हे आपण ठरवीत नाही.

यावरचा जुना, काहीसा विस्मृतीत गेलेला उपाय म्हणजे आरएसएस. (या आद्याक्षरांचा आपल्याकडे प्रथम मनात येणारा अर्थ येथे अभिप्रेत नाही.) त्याचे पहिले रूप १९९९ मध्ये नेटस्केप कंपनीत रामनाथन गुहा व डॅन लिबी यांनी सिद्ध केले, ‘अ‍ॅटम’ हे त्याचे भावंड २००५ मध्ये प्रमाणित झाले. संकेतस्थळ आपल्या ताज्या लेखांची शीर्षके, दुवे, तारखा व सारांश एका यंत्रवाच्य धारिकेत मांडते. ही फीड होय. फीड-वाचक ती ठरावीक काळाने तपासतो आणि नवे तेवढे समोर ठेवतो.

वर्डप्रेसवरील स्थळाच्या पत्त्याअखेर रोमन लिपीत ‘फीड’ हा शब्द जोडला की बहुधा काम भागते. मराठी विकिस्रोतात तर प्रत्येक पानाच्या इतिहासालाही अ‍ॅटम फीड असते. एखाद्या जुन्या ग्रंथाचे पान असे जोडून ठेवले, तर पाठात कोणती दुरुस्ती केव्हा झाली हे आपोआप कळते. पाठचिकित्सकास ही सोय लहान नव्हे. पूर्वी मात्र अनेक मराठी वृत्तपत्रांची स्थळे आपापल्या खास टंकात असत, आणि फीड-वाचकात अक्षरांऐवजी चिन्हांची भरताड दिसे; युनिकोडच्या प्रसारानंतरच हे दैन्य सरले.

वाचक निवडताना एक गोष्ट प्रथम पाहावी. फीडमध्ये सहसा अलीकडच्या थोड्याच नोंदी राहतात. थंडरबर्डसारखा वाचक आपल्याच संगणकावर चालतो. सुटीत तो महिनाभर बंद राहिला, तर मधल्या नोंदी निसटू शकतात. फीडली वा इनोरीडर यांचे तपासणीचे काम त्यांच्या सर्व्हरवर चालते, म्हणून हा धोका कमी. पण तेथे आपण परक्या घरी असतो. १ जुलै २०१३ रोजी गूगल रीडर बंद झाला तेव्हा असंख्य वाचकांना याचा प्रत्यय आला. संशोधकाने झोटेरोचा विचार अवश्य करावा, असे माझे मत आहे : त्यात फीडमधील नोंद थेट संदर्भसंग्रहात घेता येते.

कोणताही वाचक घ्या, स्रोतांची यादी ‘ओपीएमएल’ धारिकेच्या रूपाने बाहेर काढता येते ना, हे पहिल्याच दिवशी तपासावे. त्या धारिकेत केवळ स्रोतांचे पत्ते व त्यांची वर्गवारी असते. वाचताना केलेली टिपणे तिच्यात येत नाहीत. ती निराळी उतरवून ठेवावी लागतात.