सावित्रीच्या उगमापासून पुलापर्यंत : सह्याद्रीतील सात दिवस

कोकणातील नद्या आखूड व शीघ्रगामी आहेत, हे वाक्य मी गेली वीस वर्षे भूगोलाच्या तासाला फळ्यावर लिहीत आलो आहे. परीक्षेत त्यास दोन गुण मिळतात आणि बहुतेक विद्यार्थी ते गुण सहज पदरात पाडून घेतात. विद्यार्थिमित्रहो, ह्या वाक्याचा खरा अर्थ मला स्वतःला मात्र मागील दिवाळीच्या सुट्टीत उमगला, ही कबुली आरंभीच दिलेली बरी.

इयत्ता नववी-दहावीचे अकरा विद्यार्थी, एक सहशिक्षक व मी असे आम्ही नौपाड्यातून पहाटे पाच वाजता एका लहान मोटारीने निघालो. दक्षिणेकडील सह्याद्रीत सात दिवस हिंडावयाचे, रोज काही कोस तरी पायी चालावयाचे, आणि प्रत्येक मुक्कामी तीन गोष्टी वहीत टिपावयाच्या, असा नेम ठरला होता : जागेची उंची, पायाखालचा दगड, व पाणी कोणत्या दिशेस वाहते ते. उंची मोजण्यास भ्रमणध्वनीतील यंत्र होते. बाकीचे काम डोळ्यांनीच करावयाचे होते.

पनवेलवरून महाड मागे टाकल्यावर सावित्रीचा पूल आला. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री येथील १९२८ सालचा जुना पूल महापुरात कोसळला आणि राज्य परिवहनाच्या दोन गाड्या व एक मोटार प्रवाशांसह नदीत गेली. नवा पूल २०१७ मध्ये वाहतुकीस खुला झाला. आमच्यातील एका विद्यार्थ्याचे आजोळ राजापूरकडे आहे. तो म्हणाला, "सर, आई पूर्वी इथे नदीत नाणे टाकून हात जोडायची. आता ती पूल संपेपर्यंत डोळे मिटून बसते." मोटारीत कोणी काही बोलले नाही. दिवाळीच्या दिवसांतील सावित्री खडकांमधून शांतपणे वाहत होती. आकडा टिपला : उंची दोन अंकी, पाणी पश्चिमेस.

पोलादपुराहून आंबेनळीचा घाट चढताना मुले वळणे मोजू लागली, पण लवकरच मोजणी सोडून खिडकीबाहेर पाहू लागली. घाट कापताना उघड्या पडलेल्या कड्यांत काळ्या दगडाचे थर एकावर एक आडवे रचलेले दिसतात. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी ज्वालामुखीच्या भेगांतून वाहिलेल्या लाव्हारसाचे हे थर होत. मधूनच तांबडा पट्टा येतो. दोन उद्रेकांच्या मधल्या काळात साचलेली माती पुढच्या रसाने भाजून निघाली, तिची ती खूण. प्रतापगड पायी चढून पाहिला. १६५९ चा इतिहास मुलांस तोंडपाठच होता, म्हणून तेथे मी मौन पाळले.

दुसरा दिवस हा ह्या प्रवासाचा गाभा. क्षेत्र महाबळेश्वरी कृष्णा, कोयना, वेण्णा, गायत्री व सावित्री ह्या पाच नद्यांचे उगम एका मंदिरात मानलेले आहेत. कृष्णेस वेण्णा साताऱ्याजवळ माहुलीस मिळते, कोयना कऱ्हाडास मिळते, व सारे पाणी पूर्वेस जाते. एकटी सावित्री पश्चिमेस वळते. तेथून आम्ही पायी ऑर्थर सीटच्या कड्यावर गेलो. जमीन एकाएकी संपली. समोर सावित्रीची दरी, आणि खाली पाहताच गुडघ्यांस कंप सुटावा अशी खोली. उंची १,३०० मीटरांहून अधिक. महाडच्या पुलापर्यंतचे अंतर सरळ रेषेत २५ किलोमीटरांच्या आसपास!

मी मुलांस तेथेच बसवून हिशेब करावयास सांगितला. येथून निघालेली कृष्णा वाईस पोहोचते, तेव्हाही ती समुद्रापासून सुमारे ७०० मीटर उंच असते, आणि उरलेली उंची उतरण्यास तिला हजार किलोमीटरांहून अधिक मार्ग मिळतो. सावित्री जवळजवळ सगळी उंची पहिल्या काही कोसांतच उधळून टाकते. शिवाय पाऊस किती? २०२१ च्या २२ जुलैला व त्या रात्री मिळून चोवीस तासांत महाबळेश्वरी सुमारे ५९० मिलिमीटर पाऊस झाला. लंडन शहरात साधारण तितका पाऊस वर्षभरात पडतो. त्याच दिवशी महाड पाण्याखाली गेले, आणि तालुक्यातील तळीये गावावर डोंगर कोसळून ऐंशीहून अधिक माणसे गेली. राजापूरचा विद्यार्थी कड्याच्या कठड्याशी बराच वेळ उभा होता. "म्हणजे इथे पडलेले पाणी पुलाशी पोहोचायला वेळच लागत नाही," एवढेच तो म्हणाला. दोन गुणांचे ते वाक्य त्याने माझ्यापेक्षा नीट सांगितले.

तिसऱ्या दिवशी पाचगणीचे जांभ्या दगडाचे पठार चालून वाईस उतरलो. महाबळेश्वरी वर्षास साडेपाच हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस, आणि तासाभराच्या वाटेवरील वाईस हजाराच्याही आत! सज्जनगड व अजिंक्यतारा हे किल्ले चौथ्या दिवशी झाले. त्यांविषयी आमच्या वार्षिकांत पूर्वी पुष्कळ लिहिले गेले आहे.

पाचव्या दिवशी कासच्या पठारावरून बामणोलीस गेलो. पठारावरील फुले बहुतेक सरली होती. बामणोलीहून शिवसागर जलाशयातून दीड तास नावेने जाऊन, वनखात्याच्या परवानगीने, आम्ही वासोटा चढलो. माथ्यावर पुन्हा तोच देखावा : पूर्वेस अरण्य व संथ पाणी, पश्चिमेस एकदम तुटलेला कडा व खाली कोकण. येथे माझा व माझ्या सहशिक्षकांचा मतभेद झाला. त्यांना नागेश्वराच्या गुहेपर्यंत जावयाचे होते, आणि मुलेही त्यांच्याच बाजूची. परंतु दुपार कलली होती व नावाडी वाट पाहत होता. मी नकार दिला. परतताना अर्ध्या वाटेवर एका विद्यार्थिनीचा पाय मुरगळला आणि उतरण्यास दुप्पट वेळ लागला. अंधार पडता पडता आम्ही नावेत बसलो. त्या रात्री गुहेचा विषय कोणी काढला नाही.

सहावा दिवस कोयनानगरचा. पूर्वेस जाणारी कोयना येथे १०३ मीटर उंच धरणाने अडविली आहे. तिचे पाणी डोंगर पोखरून बोगद्यांतून पश्चिमेस पोफळीकडे सोडतात, आणि ज्या उतारामुळे सावित्री भयंकर होते त्याच उतारावर वीज निर्माण करितात. एकंदर क्षमता १,९६० मेगावॅट. मानवी बुद्धीचे हे कौतुक मी करीतच होतो, तोच एका मुलीने विचारले, "सर, ह्या जलाशयाखाली गावे होती ना?" होती, पुष्कळ होती. आणि ११ डिसेंबर १९६७ चा भूकंपही येथलाच. माझे व्याख्यान तेथेच आवरले.

शेवटच्या दिवशी कुंभार्ली घाट उतरून चिपळूण गाठले व महामार्गाने उत्तरेस वळलो. पोलादपूर मागे पडले. सावित्रीचा पूल जवळ येताच राजापूरच्या विद्यार्थ्याने मोटार हाकणाऱ्या काकांस वेग कमी करावयास सांगितले. वही उघडून त्याने उंची टिपली, पाण्याची दिशा टिपली, आणि खिडकीतून पूर्वेकडे पाहत राहिला. महाबळेश्वराच्या माथ्यावर ढग होते. त्याने खिशातून एक नाणे काढून नदीत टाकले व घरी आईस दूरध्वनी केला, की पूल ओलांडला.