बेचाळीस नावं

नगर, १६ जून

चि. बाबूस,


परवा इथल्या लग्नात तुझ्या मंडळीतले एक पंच भेटले. पंगतीला शेजारीच बसले. कौतुकानं सांगत होते, पाळकसाहेबांनी उपासनेनंतर पडदा लावून पाच वर्षांचा आराखडा दाखवला. आज सभासद दोनशे दहा, पाच वर्षांत पाचशे. नवं सभागृह, त्यासाठी कर्ज, तरुण संघाला नवी वाद्यं. इथवर मीही मान डोलवत होतो. मग म्हणाले, "निष्क्रिय सभासदांची यादीपण काढलीय. बेचाळीस नावं. पुढच्या पंचसभेत कमी करणार." त्यानंतर मला जेवण गेलं नाही.

रविवारी तुझ्यापुढं बाकावर बसलो तर मीही तुला पाळकसाहेबच म्हणेन. हे पत्र मात्र मामाचं, अक्काच्या बाबूला आहे, म्हणून सरळ विचारतो. हे खरं आहे का? त्या बेचाळीस जणांपैकी किती जणांच्या घरी तू जाऊन आलास? तुझ्या दृढीकरणाला ज्यांनी घड्याळ दिलं ते टेल्कोतले काका यादीत आहेत, असं त्या पंचांच्या बोलण्यात आलं. त्यांना लकवा होऊन वर्ष झालं. ते बाकावर येऊन बसणार कसे?

आणि बाकीचे? तुझी मंडळी पिंपरी-चिंचवडची. शेवगाव-नेवाशाकडून, बीड-जालन्याकडून पोटामागं आलेली माणसं. तिकडं बऱ्याच कारखान्यांची सुट्टी गुरुवारी असते, हे तुला मी सांगायला नको. तुझे वडील तीस वर्षं गुरुवारीच घरी असायचे. अक्का तुम्हा पोरांना घेऊन एकटीच देवळात जायची आणि गुरुवारी रात्री घरात पेटी काढून वडिलांसोबत प्रार्थना करायची. रविवारच्या हजेरीवर माप लावलं असतं तर तुझे वडीलही निष्क्रियच ठरले असते. पडद्यावर सभागृहाचा नकाशा होता म्हणे. गुरुवारच्या संध्याकाळची एखादी उपासना त्यात होती का? कंत्राटी पोरं एका खोलीत सहा-सहा राहतात. त्यांच्या खोलीवर जायला कर्ज काढावं लागत नाही.

नियोजनाला माझा विरोध नाही, गैरसमज नको. हॉल आणि नॉट हे अमेरिकन मिशनरी १८१३ साली मुंबईत उतरले. पहिली कित्येक वर्षं त्यांची बाप्तिस्म्याची वही जवळजवळ कोरीच होती. तरी त्यांनी आणि त्यांच्या मागून आलेल्यांनी शाळा काढल्या, भाषा शिकले, छापखाना घातला. हॉल १८२६ साली दौऱ्यावर असताना पटकीनं गेले. नगरचं काम १८३१ साली सुरू झालं, ते त्यांनी पाहिलंसुद्धा नाही. तेही नियोजनच होतं की. माझं भांडण फक्त त्या यादीशी आहे.

सेमिनरीत तू रेव्हरंड टिळकांवर निबंध लिहिला होतास. आधी मला वाचायला पाठवलास, मी चार ठिकाणी शुद्धलेखन सुधारलं. टिळकांचा बाप्तिस्मा फेब्रुवारी १८९५ मधला. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंचा १९०० मधला. मधली वर्षं मोज बरं. बरोब्बर पाच! त्या पाच वर्षांत त्या बाईंनी काय काय सोसलं, किती रागावल्या, किती रडल्या, मग एकेक गाठ कशी सुटत गेली, ते त्यांच्या स्मृतिचित्रांतून तू मुलांना वाचून दाखवतोस. तुझ्या आराखड्यात त्या बसल्या असत्या तर पाचही वर्षं त्यांच्या नावापुढं शून्य पडलं असतं. आणि टिळकांनी शेवटी, १९१७ साली, मिशनचा पगार सोडून साताऱ्यात देवाचा दरबार मांडला, तो बाप्तिस्मा घेतलेल्यांसाठीही आणि न घेतलेल्यांसाठीही. हे तूच त्या निबंधात लिहिलं होतंस, बाबू.

आता जे लिहितो ते तुझ्या आईलाही ठाऊक नाही.

बहात्तरच्या दुष्काळात मी सव्वीस वर्षांचा होतो. नवा मास्तर, अक्षर चांगलं, म्हणून पंचांनी मला आमच्या गावच्या मंडळीचा चिटणीस केला. मला केवढा अभिमान! जुनं रजिस्टर उतरवून नवं केलं, रकाने आखले. वर्गणी थकलेल्यांची नावं कमी करायची, म्हणजे हिशेब स्वच्छ दिसेल, ही सूचना माझीच. तांबड्या शाईची दौत आणि फूटपट्टी घेऊन बसलो. रेघ वाकडी जाऊ नये म्हणून पट्टी दाबून धरली होती, एवढं आठवतं. त्यात एक विधवा होती. ती रोज पाझर तलावाच्या कामावर खडी फोडायला जायची. तिची वर्गणी चौदा महिने थकली होती.

त्या साली कापणीच्या सणाला कापणी कुठली? तरी लोकांनी घरातलं काहीबाही आणलं. ती बाई पदराच्या टोकात दोन अंडी बांधून आली. हात खडीनं सोललेले, बोटांना चिंध्या गुंडाळलेल्या, त्यामुळं गाठ सुटेना. शेवटी दातानं सोडली. उपासनेनंतर लिलाव झाला. दोन अंडी सव्वा रुपयाला गेली. लिहायला मी बसलेलो. रजिस्टरात तिचं नाव नव्हतं, म्हणून मी लिहिलं, "अनामिक, रु. १.२५." ती समोर उभी होती. तिला थोडं वाचता येत होतं. तुझ्या आजीनं, बायबलबाई असताना, तिला रात्रीच्या वर्गात अक्षर शिकवलं होतं. तिनं पान पाहिलं, माझ्याकडं पाहिलं, काही न बोलता गेली.

पुन्हा आली नाही. पुढं मुलाबरोबर मुंबईला गेली म्हणे. तिच्यासोबत स्थलांतरपत्र गेलं नाही, कारण ज्याचं नाव नाही त्याला पत्र कशाचं द्यायचं? दोनदा सुट्टीत मी मुंबईच्या मंडळ्यांतून विचारत हिंडलो. पत्ता लागला नाही. आजीनं मरेपर्यंत मला त्याबद्दल एक शब्द विचारला नाही, आणि तेच मला फार लागतं.

म्हणून त्या यादीचं ऐकल्यापासून झोप नाही. तुझं अक्षरही माझ्यासारखंच नीट आहे.

फार बोललो. वाईट वाटून घेऊ नकोस. आजवर तू त्या मंडळीत काय काय केलंस, तेही त्याच पंचांनी सांगितलं. दहावीच्या मुलांची अभ्यासिका, महिला मंडळाचं बचतखातं, आणि साथीत कुणी हात लावत नव्हतं तेव्हा तू स्वतः खांदा दिलास ते. ऐकताना माझे डोळे भरले. तुला ठाऊक नसेल, सुट्टीत तू इथं यायचास तेव्हा शाब्बाथ शाळेची हजेरी मी तुलाच मांडायला द्यायचो. तू गैरहजर पोराच्या नावापुढं फुली मारायचा नाहीस. पेन्सिल कानामागं खोचून अनवाणी त्याच्या घरी पळायचास आणि त्याला हाताला धरून आणायचास, मग बरोबरची खूण करायचास. वर्ग खोळंबायचा. मी ओरडायचो. चूक माझी होती.

पंचसभा पुढं ढकलता आली तर बघ. आराखडा फाडू नकोस, यादीही फेकू नकोस. ती यादीच खिशात घेऊन निघू. सोमवारी सकाळच्या एसटीनं मी येतो, सोबत अक्कानं दिलेल्या कुरडया आणि थोडी ज्वारी असेल. आधी लकव्याच्या काकांकडं जाऊ. रोज तीन-चार घरं झाली तरी पंधरवड्यात होतील. माझे गुडघे आता चार मजले चढत नाहीत, लिफ्ट नसेल तिथं मी खाली पायरीवर थांबेन, तू वर जाऊन ये. पाऊस सुरू झालाय, तुझा दमा उठेल. पंप खिशात ठेव. आणि घाईत जिने चढू नकोस रे, मी खाली बसलेलाच असेन.

तुझा,
मामा