बंदुकीच्या सुट्या भागांची पेटी व तिचें दप्तर

शेतकऱ्याच्या घरांतील बहुतेक अवजारें रोज हातांत येतात, आणि रोज हातांत येणाऱ्या वस्तूची खोड लवकर कळते. नांगराचा फाळ झिजला किंवा पंपाचा वायसर गेला, तर तें त्याच दिवशीं ध्यानांत येतें. बंदुकीची गोष्ट निराळी आहे. पीकरक्षणासाठीं परवान्यानें घेतलेली बंदूक वर्षांतील बहुतेक दिवस कपाटांत पडून असते. भात निसवलें, ज्वारी हुरड्यावर आली आणि रानडुकरांचा कळप कुंपण फोडून आंत शिरला, म्हणजे एखाद्या रात्रीं ती बाहेर निघते. आणि नेमक्या त्याच रात्रीं घोडा पडतो, पण बार होत नाहीं. कारण पाहूं गेल्यास तें बहुधा क्षुल्लक असतें. एखादी कमान पिचलेली असते, किंवा एखाद्या खिळीचें टोंक झिजलेलें असतें.

तालुक्याच्या गांवीं बंदुका दुरुस्त करणारा परवानाधारक कारागीर सहसा मिळत नाहीं. म्हणून पुष्कळ घरीं जुन्या बंदुकींचे तुकडे, कोणाकडून तरी आलेले स्क्रू, कमानी, टोप्या आणि दोन-चार जुनीं काडतुसें हीं सर्व एकाच डब्यांत टाकून तो डबा माळ्यावर ठेवितात. असा डबा असण्यापेक्षां नसलेला बरा, असें आमचें मत आहे. तें कां, आणि त्याचे जागीं व्यवस्थित पेटी कशी ठेवावी, हें प्रस्तुत लेखांत सांगण्याचा आमचा हेतु आहे. आमचें आयुष्य महसूल खात्याचीं दप्तरें बांधण्यांत गेलें, तेव्हां वाचकांनीं थोडी दप्तरी भाषा सहन करावी. जमिनीचा तुकडा जसा उताऱ्यावांचून कोणाचा हें सांगतां येत नाहीं, तसा बंदुकीचा सुटा भाग नोंदीवांचून कोणत्या बंदुकीचा हें सांगतां येत नाहीं. आणि जें सांगतां येत नाहीं तें बंदुकींत घालणें म्हणजे स्वतःच्या डोळ्यांशीं व परवान्याशीं खेळणें होय. एवढेंच या लेखाचें सार आहे.

कायद्याची बाजू

१९५९ चा शस्त्र अधिनियम १ ऑक्टोबर १९६२ पासून अंमलांत आहे. त्याच्या दुसऱ्या कलमांत अग्निशस्त्राची जी व्याख्या दिली आहे, तींत अग्निशस्त्राचे भागहि येतात. म्हणजे माळ्यावर पडलेली जुनी नळी आपल्या दृष्टीनें मोडीचें लोखंड असेल, परंतु कायद्याच्या दृष्टीनें तें अग्निशस्त्रच. आणि तिसऱ्या कलमाप्रमाणें अग्निशस्त्र बाळगण्यास परवाना लागतो. कलम ४५ मध्यें किरकोळ भागांस सवलत आहे हें खरें. परंतु जे भाग पूरक भागांबरोबर वापरण्याचा इरादा नाहीं, अशांपुरतीच ती आहे. आपल्या पेटींतील भाग तर बंदुकीस जोडण्यासाठींच ठेवावयाचे. तेव्हां त्या सवलतीवर विसंबून राहूं नये.

याकरितां सुटा भाग घ्यावयाचा तो परवानाधारक विक्रेत्याकडूनच, आपला परवाना दाखवून घ्यावा, आणि पावतीवर परवान्याचा व बंदुकीचा क्रमांक लिहवून घ्यावा. कोणता भाग घरीं ठेवतां येईल याविषयीं थोडीहि शंका असल्यास जिल्हाधिकारी, किंवा जेथें पोलीस आयुक्तालय आहे तेथें आयुक्त, यांजकडे लेखी अर्ज करून लेखी उत्तर मिळवावें. तोंडी उत्तर दप्तरास लावतां येत नाहीं. पांचव्या कलमाप्रमाणें शस्त्रांची दुरुस्ती करण्यासहि परवाना लागतो. म्हणून आपल्या पेटींतील कमान काढून शेजाऱ्याची बंदूक दुरुस्त करून देणें हा परोपकार नव्हे, हें ध्यानांत ठेवावें. तसेंच शेतरक्षणाचा परवाना हा शिकारीचा परवाना नव्हे. वन्य प्राणी मारण्याचा प्रश्न १९७२ च्या वन्यजीव (संरक्षण) अधिनियमानें वेगळा ठरविला आहे.

भागांचे तीन वर्ग

पेटी भरण्यापूर्वीं भागांचे तीन वर्ग मनांत पक्के करावे.

पहिला वर्ग मालकानें स्वतः ठेवण्याचा व हाताळण्याचा. यांत साफ करण्याचा गज, नळीच्या मापाच्या कुंचल्या, फलालीनचे तुकडे, तेल, पट्ट्याच्या कड्या, दस्त्याचे स्क्रू आणि खांचेंत घट्ट बसणारे स्क्रूपेंच हीं येतात. स्क्रूपेंचाचें पातें खांचेच्या रुंदीचें नसेल तर तें निसटतें, स्क्रूचें डोकें खराब होतें, आणि पुढें कारागिरासहि तो स्क्रू काढणें कठीण जातें.

दुसरा वर्ग विकत आणून ठेवण्याचा, परंतु कारागिराकडूनच बसवून घेण्याचा. यांत खिळी, कमानी, निपल आणि काडतूस ओढून काढणारा आकडा हे भाग येतात.

तिसरा वर्ग घरांत सुटा ठेवूंच नये असा. नळी, बोल्ट, बोल्टचें शीर्ष, आणि चाप व घोडा यांस अडविणारे दांते हे त्यांत येतात. बार होतांना जो दाब उत्पन्न होतो तो नळी व बोल्ट यांवरच येतो, आणि दांत्यांवर बंदूक आपोआप न उडणें अवलंबून असतें. नळी कापून आखूड करणें हें तर सहाव्या कलमाप्रमाणें परवान्यावांचून करतांच येत नाहीं.

तिसऱ्या वर्गाविषयीं एवढा आग्रह कां, हें एका उदाहरणानें स्पष्ट होईल. ली-एनफील्ड क्रमांक ४ या रायफलीच्या बोल्टचीं शीर्षें ० पासून ३ पर्यंत क्रमांक घालून चार लांबींचीं केलेलीं होतीं. दिसावयास चारहि सारखीं; फरक केसाएवढा. काडतुसाचें बूड व बोल्टचें तोंड यांमधील जागा प्रत्येक रायफलींत मोजून ठरवावी लागत असे, म्हणून ही योजना होती. जागा जास्त राहिली तर काडतुसाची पितळी नळी मागील बाजूस फाटते, आणि पेटलेला वायु नेम धरणाऱ्याच्या तोंडाकडे येतो. याच कारणास्तव बोल्टवर त्या रायफलीचा क्रमांक ठोकलेला असतो. आपल्या देशांत ईशापूरच्या कारखान्यानें नागरिकांसाठीं केलेली .३१५ बोअरची रायफल ली-एनफील्डच्याच घाटाची आहे. तेव्हां एका रायफलीचा बोल्ट दुसरींत सरकला, एवढ्यावरून तो बसला असें कोणीं समजूं नये. सरकणें निराळें, बसणें निराळें.

कोणत्या बंदुकीस काय लागतें

ठासणीच्या बंदुकींत सर्वांत आधीं झिजते ती निपल, म्हणजे जिच्यावर टोपी बसते ती पोकळ डांडी. प्रत्येक बारानें तिचें भोंक किंचित् मोठें होत जातें, आणि मग पेटलेला वायु मागें येऊन घोड्यास उचलूं लागतो. अशी निपल बदलावी. परंतु निपलांचे आटे सर्व सारखे नसतात. सैल आट्यांची निपल जोरानें वळवून बसविली, तर बार होतांच ती उडून डोळ्यांत जाण्याचें भय असतें. म्हणून एक निपल, तिची किल्ली, व ज्या बंदुकीस ती बसविली होती तिचा क्रमांक हीं तिन्ही एकाच पुडींत असावीं. दुसरा नाजुक भाग घोड्याची मोठी कमान. बार न करतां घोडा पुनःपुनः पाडण्यानें निपलचें तोंड चेपतें व कमानीवर उगाच ताण पडतो.

काडतुशी दुनळींत खीळ महत्त्वाची. तिचें टोंक गुळगुळीत व गोल असावें. टोंक अणकुचीदार असल्यास तें काडतुसाची टोपी फोडतें; झिजून आखूड झाल्यास बार चुकतो. उजव्या व डाव्या नळीच्या खिळी नेहमीं एकसारख्या असतातच असें नाहीं, म्हणून पुडीवर बाजू लिहावी. घोडा रिकामा पाडून पाहणें जरूरच पडल्यास त्यासाठीं मिळणारीं डमी काडतुसें वापरावीं, म्हणजे खिळीस इजा होत नाहीं.

बोल्टच्या रायफलींत काडतूस काढणारा आकडा व त्याची कमान, तसेंच मॅगझिनची कमान, हे भाग दुबळे होतात. मॅगझिन सदोदित भरून ठेवण्याची संवय घातक आहे; घरांत ठेवलेली बंदूक सदैव रिकामीच असली पाहिजे.

पेटी आणि वही

पेटी लाकडी किंवा पत्र्याची, कुलुपाची व खण पाडलेली असावी. बंदूक एका कपाटांत, काडतुसें दुसऱ्या कुलुपांत, आणि सुट्या भागांची पेटी तिसऱ्या ठिकाणीं असावी. पेटींत काडतूस एकहि असूं नये. वीस बोअरचें काडतूस बारा बोअरच्या नळींत घातल्यास तें पुढें सरकून अडकतें. मग नळी रिकामी समजून कोणी मागून बारा बोअरचें काडतूस घातलें, तर नळी फुटते. मिश्र डब्यांतून अंधारांत काडतूस काढण्याचा हा परिणाम होय.

प्रत्येक भाग तेल लावून तेलकट कागदांत गुंडाळावा व स्वतंत्र पाकिटांत घालावा. पेटींत ओलावा शोषणाऱ्या सिलिका जेलची पुडी ठेवावी. कोंकणासारख्या दमट प्रांतांत बंदूक कातडी म्यानांत महिनोन्महिने ठेवूं नये. कातडें ओल धरतें आणि लोखंड गंजतें.

वहींत प्रत्येक बंदुकीस एक पान द्यावें. माथ्यावर बंदुकीचा प्रकार, बोअर, क्रमांक व परवान्याचा क्रमांक लिहावा. खालीं सात रकाने पाडावे: अनुक्रमांक, भागाचें नांव, आलेले नग, पावतीचा क्रमांक व तारीख, कारागिराकडून बसवून पाहिल्याची तारीख, वापरलेले नग व शिल्लक, आणि शेरा. पाकिटावर तोच अनुक्रमांक घालावा.

यांतील पांचवा रकाना आम्ही सर्वांत महत्त्वाचा मानतों. विकत आणलेला भाग तसाच गुंडाळून ठेवला, तर तो भाग नव्हे, केवळ आशा होय. खिळी व कमानी यांस पुष्कळदां किंचित् कानस लागते. म्हणून भाग आणतांच बंदूक कारागिराकडे न्यावी, नवा भाग बसवून घ्यावा, त्यानें बंदूक तपासून दिल्यावर तो काढून पाकिटांत ठेवावा, आणि मग वहींत तारीख घालावी. ज्या भागासमोर हा रकाना कोरा आहे, तो पेटींत आहे असें समजूं नये. तुटलेला जुना भाग टाकून न देतां नमुना म्हणून कारागिराच्या स्वाधीन करावा, व तशी शेऱ्यांत नोंद करावी.

तेल व पाणी

सुटे भाग कमी लागावे, हा उत्तम उपाय. आणि तो साफसफाईंत आहे. काळ्या दारूची राख हवेंतील ओल ओढून घेते. ज्या टोप्यांत पोटॅशियम क्लोरेट असतें त्यांच्या बारानंतर नळींत क्षार राहतो. हा क्षार तेलांत विरघळत नाहीं, पाण्यांत विरघळतो. म्हणून अशी दारू किंवा टोपी वापरल्यास त्याच दिवशीं नळी गरम पाण्यानें धुवावी, कोरडी पुसावी आणि मगच खनिज तेलाचा पातळ हात द्यावा. खोबरेल किंवा गोडें तेल लोखंडास लावूं नये. तें कालांतरानें चिकट होऊन घोड्याची चाल मंद करितें. दस्त्याच्या लाकडास जवसाचें तेल चांगलें. परंतु त्या तेलाचीं फडकीं बोळा करून पेटींत कोंबूं नयेत. तीं आपोआप तापून पेट घेतात. पसरून वाळवावीं किंवा पाण्यांत भिजवून टाकावीं.

जमा करणें आणि वारस

निवडणुकीच्या काळांत पुष्कळदां बंदूक पोलीस ठाण्यांत जमा करावी लागते. जमा करण्यापूर्वीं तिला तेल द्यावें, आणि कोणते भाग जोडलेले आहेत तें पावतीवर लिहवून घ्यावें. परत घेतांना वहीचें पान समोर धरून तपासणी करावी.

शेवटीं सर्वांत गंभीर मुद्दा. बंदूक विकली जाते, पण पेटी माळ्यावरच राहते. मालक वारतो, आणि मुलांस त्या पेटीची गंधवार्ताहि नसते. २०१९ च्या सुधारणेनंतर एका परवानाधारकास दोनच अग्निशस्त्रें ठेवतां येतात, व वारशानें आलेलींहि त्यांतच मोजलीं जातात. परवाना संपला किंवा धारक वारला, तर कलम २१ प्रमाणें शस्त्र विनाविलंब जवळच्या पोलीस ठाण्यांत किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करावें लागतें. भाग हा शस्त्रांतच गणला जात असल्यामुळें पेटीहि बंदुकीबरोबरच गेली पाहिजे. निर्दोष मुलगा बापाच्या माळ्यावरील एका नळीपायीं कचेरीच्या पायऱ्या झिजवीत राहावा, यापेक्षां दुःखद वारसा कोणता? म्हणून वहीच्या पहिल्या पानावर, "ही पेटी अमुक क्रमांकाच्या बंदुकीची असून तिच्याबरोबरच जावी," असें आपल्या हातानें लिहून घरांतील एका जाणत्या माणसास तें दाखवून ठेवावें.

खंडेनवमीस आपल्याकडे शस्त्रें पुजण्याची जुनी रीत आहे. त्या दिवशीं हळदकुंकू वाहण्यापूर्वीं वही उघडावी, पाकिटें मोजावीं, शिल्लक ताडून पाहावी आणि तारखेसह सही करावी. अर्ध्या घटकेचें काम आहे; आणि खरीप निसवणीच्या सुमारासच तें होत असल्यामुळें ज्या रात्रीं बंदूक लागेल, त्या रात्रीं ती दगा देणार नाहीं.