चिकटेना, तर वितळवा!

मासेमारीच्या होडीवरची गोड्या पाण्याची टाकी गळू लागली, तर भोवती समुद्र असूनही प्यायला पाणी नाही. ही टाकी बहुधा पॉलिथिनची असते. चिरेवर लावलेला एपॉक्सी गोंद छान वाळतो. पण होडी हिंदकळू लागली की पापुद्र्यासारखा सुटून येतो. असे का व्हावे?

पाण्याचा एक थेंब स्वच्छ काचेवर आणि एक पॉलिथिनच्या पिशवीवर ठेवून पाहा. काचेवर तो पसरतो, पिशवीवर मात्र गोळा होऊन बसतो. पॉलिथिनची पृष्ठऊर्जा फार कमी, दर चौरस मीटरला सुमारे ०.०३ ज्यूल. त्यामुळे गोंदही त्यावर नीट पसरत नाही. मग चिकटणार कसा? (गोंद विकणारा उगीच बोलणी खातो!)

म्हणून येथे सांधा वितळवूनच करावा लागतो. टाकी रिकामी करून कोरडी करतात. चिरेच्या टोकांशी बारीक गोल भोक पाडतात. टोकाशी एकवटलेला ताण त्यामुळे विखुरतो आणि चीर पुढे धावत नाही. मग कडा खरवडून त्या आणि पॉलिथिनचीच कांडी गरम हवेने एकाच वेळी मऊ करून दाबतात. दोहोंचे लांबलचक रेणू एकमेकांत गुंततात. पीव्हीसीची कांडी चालत नाही. तिचे रेणू पॉलिथिनमध्ये मिसळतच नाहीत.

टाकी भरून रात्रभर ठेवावी. सकाळी सांधा कोरडा दिसला, तरच होडी बंदराबाहेर काढावी.