घट बसवलास ना, मग उकरून बघू नकोस

माय, परवा फोनवर म्हणालीस, "आज्जी, काही सुचतच नाही, आता देवीच प्रसन्न व्हायला पाहिजे." मला हसू आलं. देवी काही रस्त्यानं जाणाऱ्याला हटकून प्रसन्न होत नसते. तिच्या यायच्या तिथी ठरलेल्या असतात, जागा आधी सारवलेली असते, आणि जायची वेळसुद्धा ठरलेली असते. आपल्या जळकोटाकडच्या बायांनी देवीच्या निमित्तानं गाणी रचली, रांगोळ्या काढल्या, गोष्टी सांगितल्या, मुखवट्यांना साड्या नेसवल्या. त्याला कला म्हणायला मात्र कुणाला सवड नव्हती. त्यातलं तुझ्या चित्रांच्या आणि लिखाणाच्या कामी येईल तेवढं खाली लिहिलंय. पाठ करू नकोस, एखादं करून बघ.

१. आधी जागा सारव. तुझ्या त्या पुण्याच्या खोलीत हातभर कोपरा फक्त वही-रंगांचा ठेव – देवघर केवढंसं असतं, पण तिथं बसून कुणी लसूण सोलत नाही.

२. घटाला रोज एक माळ चढते. हौस आली म्हणून पहिल्याच दिवशी नऊ माळा कुणी बांधत नाही. तूही दिवसाला एक पान, नाहीतर एक चित्र, तेवढंच कर – उद्यासाठी हात थोडा शिवशिवत राहिला पाहिजे.

३. घटाखाली धान्य पेरलेल्या पत्रावळीवरच्या काळ्या मातीला पाणी शिंपडायचं असतं, ओतायचं नसतं. दिवसभर मोबाईलवर दुसऱ्यांच्या कविता आणि दुसऱ्यांची चित्रं बघत बसतेस ना, ते ओतणं झालं – घटाचं धान्य तहानेनं क्वचित मरतं, कुजून जास्त.

४. आणि उकरून बघू नकोस. दुसऱ्या-तिसऱ्या माळेला वर काहीच दिसत नाही, तेव्हा घरातल्या प्रत्येकाला वाटतं की बी खराब निघालं. उकरलं बी, रुसली माती – कोंब वर यायच्या आधी मूळ खाली जातं, आणि ते काही सांगून जात नाही.

५. देवघरातल्या अंधारात उगवलेलं ते धान पिवळट असतं. तरी दसऱ्याला तेच तुझ्या आजोबांच्या टोपीत खोचलं जातं आणि तेच आपण केसांत माळतो, तेव्हा पहिलं लिखाण फिकं उतरलं म्हणून फाडायला निघू नकोस – उजेडात यायच्या आधी सगळ्यांचा रंग तसाच असतो.

६. आता माहूरची गोष्ट, ही नीट ऐक. शेजारच्या नांदेड जिल्ह्यातला गड, आपलं जाणं-येणं असलेला. आई रेणुका गेली म्हणून परशुराम शोक करत होता. दत्तात्रेयांनी त्याला सांगितलं, आई डोंगरातून पुन्हा प्रकट होईल, तोवर मागं वळून बघू नकोस. लेकराला दम निघाला नाही. त्यानं वळून बघितलं तेव्हा नुसतं मुख वर आलं होतं, बाकीची आई जमिनीतच राहिली. म्हणून गडावर रेणुकेचं मुख पुजतात. कथा सांगणारे इथं थांबतात आणि परशुरामाला उतावळा ठरवून मोकळे होतात. ते खरंच आहे म्हणा, अर्धं झालेलं काम कुणाला दाखवू नये, अगदी मलासुद्धा – "छान आहे" ऐकलं की पोरं तिथंच थांबतात, आणि "हे काय" ऐकलं तरी तिथंच थांबतात.

पण मला त्यातलं दुसरंच जास्त आवडतं. जेवढं वर आलं तेवढ्यालाच लोकांनी पूर्ण देवी मानलं. धड कुठंय, हात कुठायत, असं विचारत कुणी पायऱ्या उतरून परत गेलं नाही. त्या मुखाला मळवट भरला, त्याला तांबूल दिला, त्याच्या नावानं पिढ्यान्‌पिढ्या कुलाचार चालवले. तुझ्या वहीत जी अर्धीमुर्धी कडवी पडलीत त्यांना पुरं करायच्या हट्टात मारू नकोस. काही गोष्टी मुखापुरत्याच येतात – साडेतीन पीठं मोजणाऱ्यांनीसुद्धा वणीच्या सप्तशृंगीचं अर्धं कधी गाळलेलं नाही.

७. तुळजापूरची भवानी वर्षातून तीनदा पलंगावर निजते. भाद्रपदात नवरात्राच्या आधी, दसऱ्याचं सीमोल्लंघन झाल्यावर पौर्णिमेपर्यंत, आणि पौषात शाकंभरी नवरात्राच्या आधी. घोरनिद्रा, श्रमनिद्रा, मोहनिद्रा अशी त्या निजेला नावंसुद्धा आहेत. दमल्यावर निजणं कुणालाही जमतं, पण ही मोठ्या कामाच्या आधीसुद्धा निजते, ते शिक. रात्री दोन-दोन वाजेपर्यंत काय करायलीस तू? – महिषासुर काही जागरणानं मेला नाही.

८. उपाशीपोटी लिहायला बसू नकोस, नवरात्रात तर नाहीच. भुकेल्याला आरती लांब वाटते – आणि भुकेल्या माणसाच्या गोष्टीतली सगळी माणसं चिडकी निघतात.

९. खंडेनवमीला विळा, कुऱ्हाड, शिलाई मशीन, सगळं धुऊन-पुसून हळदकुंकू लावून ठेवतात आणि त्या दिवशी त्यांना काम सांगत नाहीत. तुझे ब्रश अधूनमधून असेच धू, पेन्सिली तासून ठेव, लॅपटॉप झटक – सुचल्यावर टोक शोधत बसलं की सुचलेलं उठून जातं.

१०. दसऱ्याच्या पाटीवरची सरस्वती आठवते का? नुसते एकाचे आकडे एकाला एक जोडून काढायची. ज्या लेकराला दोन लिहिता येत नव्हता त्यालाही देवी काढता यायची, म्हणून अडलीस की जे सगळ्यात सोपं येतं त्यानं सुरुवात कर – अवघडाची लाज वाटते, एक काढायची कुणाला वाटत नाही.

११. गोदावरीकाठच्या बासरला आपल्याकडचे लोक लेकरांना अक्षराभ्यासाला नेतात. धर्माबादच्या पुढं हद्द ओलांडली की तेलंगण, पण सरस्वतीला हद्दीचं काही नाही. नवीन काही शिकायचं असेल, तबला म्हण, मोडी म्हण, तर त्या लेकरांच्या ओळीत मनानं जाऊन बस आणि कुणाला तरी आपला हात धरू दे – नोकरीला लागलेल्या माणसाला पहिलं अक्षर गिरवायला फार जड जातं.

१२. हात गुंतव. जात्यावर बसलेल्या बायांना ओवी सुचायची, कारण हात फिरत असायचे आणि मन मोकळं असायचं. पहाटेच्या अंधारात सीतेचा वनवास त्यांनी आपल्या सासुरवासाला जोडून घेतला, रामाला चार शब्दही सुनावले, आणि पीठ भरून उठल्या; रचणारीचं नाव कुठं राहिलं नाही. हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांनी १९८० नंतरच्या वर्षांत खेडोपाडी फिरून अशा ओव्या गोळा करायला घेतल्या, त्या एक लाखाच्या वर भरल्या. गिरणी आली तशी ओवी घराबाहेर पडली, हे खरं, पण भाकरी थापणं, कपडे वाळत घालणं, मटार सोलणं अजून आहेच ना? तेवढा वेळ कानातली ती बोंडं काढून ठेव – हात कामाला लागले की मन पहारा सोडतं.

१३. सुचलं की तिथल्या तिथं धर, मागून आठवेल म्हणू नकोस. बहिणाबाई चौधरींना लिहिता येत नव्हतं. त्या काम करता करता म्हणायच्या आणि मुलगा सोपानदेव, घरातलं आणखी कुणी, ते उतरवून ठेवायचं. त्या १९५१ मध्ये गेल्या आणि पुस्तक १९५२ मध्ये आलं. तुझ्याकडं फोन आहे, त्यात बोलून ठेव – सोपानदेव सगळ्यांच्या घरी नसतात.

१४. गोंधळ मांडला की गोंधळी लगेच कथेला हात घालत नाही. आधी तुळजापूरच्या भवानीला, माहूरच्या रेणुकेला, कोल्हापूरच्या महालक्ष्मीला, जेजुरीच्या खंडोबाला, गावोगावच्या देवांना नावानिशी बोलावतो, मग संबळ चढतं. तूही कुणाकडून काय घेतलंस ते वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेव – नाव घेतलं की ते उसनं होतं, नाही घेतलं की चोरी होते.

१५. परडी घेऊन जोगवा मागताना मोठ्या घरची सूनसुद्धा पाच दारांत उभी राहते. आपल्या पैठणच्या नाथांनी तर भारुडात स्वतःच भवानीचा जोगवा मागितला. अडलीस तर शेजारणीला विचार, रिक्षावाल्याला विचार, तुझ्या चुलत्याला त्याच्या भुताच्या गोष्टी पुन्हा सांगायला लाव. मागणाऱ्याची परडी भरते, लाजणारीची धुऊन ठेवावी लागते – आणि ज्याला गोष्ट मागावी त्याला बरंच वाटतं, बघ.

१६. आपल्या घरच्या गौरी-महालक्ष्म्यांचे मुखवटे तुझ्या पणजीच्या काळातले आहेत, ते बदलत नाहीत. बदलते ती साडी, निऱ्या, दागिने, पुढची आरास, त्यांच्या लेकरांचे, म्हणजे पिलवंडांचे, कपडे. दरवर्षी त्याच ज्येष्ठा-कनिष्ठा आणि दरवर्षी बाया म्हणतात, "यंदा काय तेज आलंय!" तेव्हा नवीन विषय सापडत नाही म्हणून अडून बसू नकोस, रेणुका घे, सीता घे, आणि तुझ्या हातानं नेसव – मुखवटा घराण्याचा असतो, निऱ्या आपल्या.

१७. आणि त्या येतात अनुराधा नक्षत्रावर, जेवतात ज्येष्ठावर, जातात मूळ नक्षत्रावर. चौथा दिवस नाही. अजून एक दिवस राहू दे म्हणून कुणी कितीही हळवं झालं तरी अक्षता पडतात आणि मुखवटे उतरतात. चित्र झालं की त्यावर तारीख घाल, सही कर आणि उचलून ठेव. तू एकेक चित्र महिनोन्‌महिने कामून कोरत बसतेस? – पाहुणीला निघू दिलं नाही तर पुढच्या वर्षी कोण येईल?

१८. अंबाजोगाईच्या योगेश्वरीचं लग्न परळीच्या वैजनाथाशी ठरलं होतं, आणि मुहूर्त टळला असं सांगतात. ती परळीला गेलीच नाही, अंबाजोगाईलाच राहिली, आणि आज लोक तिच्या दारात येतात. स्पर्धेची तारीख हुकली, कुणी तुझं लिखाण साभार परत केलं, तर दोन दिवस रड आणि मग पाट मांडून बस – मुहूर्त गेला तरी देवी कुठं गेली?

१९. कागद महाग, जागा लहान, वेळ नाही, हे मला सांगू नकोस. त्याच अंबाजोगाईच्या दासोपंतांनी लांबलचक पासोडीवर पंचीकरण लिहून काढलं – ज्याला लिहायचंय त्याला पांघरूणही पुरतं.

२०. "त्या चार दिवसांत" आम्हाला घटाजवळ फिरकू देत नसत. आम्ही ऐकलं. तू वहीला हात लावायला थांबू नकोस – बाईच्या अंगातून जग जन्माला येतं म्हणून जी पुजली जाते, तिलाच त्याचा विटाळ कसा होईल, हे मला अजून कुणी समजावून सांगितलेलं नाही.

२१. अंगात आल्याशिवाय कला होत नाही, असं सांगणारे भेटतील, केस मोकळे सोडून फिरणारेही भेटतील. संबळ ऐकून अंग शहारलं तर शहारू दे, पण रंग शुद्धीत असताना कालव – घुमून झाल्यावर झाडझूड कुणाला तरी करावीच लागते, आणि ती बहुतेक बाईच असते.

२२. देवीच्या नावानं चाललेलं सगळंच उचलायचं नसतं. पोरी देवीला वाहायची रीत होती, तिनं किती जणींचा जन्म जाळला; कायद्यानं बंद झाली ते बरं झालं. गाणं घे, डफ घे, त्या बायकांचं दुःखही घे, पण त्याची शोभेची रांगोळी करू नकोस – ज्यांनी भोगलं त्या अजून जिवंत आहेत.

२३. वाचायचं असेल तर ताराबाई भवाळकरांचं 'सीतायन' वाच आणि रा. चिं. ढेऱ्यांचं 'लज्जागौरी'. ढेऱ्यांचं जड जाईल, रोज चार पानं कर – देवीवर लिहिणाऱ्याला तिच्या गोतावळ्याची माहिती हवी, नाहीतर कॅलेंडरवरची गुळगुळीत बाईच पुन्हा पुन्हा काढत बसशील.

२४. आता शेवटचं. येळवशीला गावाकडं ये, सुट्टी आधीच मांडून ठेव, मार्गशीर्षातली अमावास्या आहे. तुमच्या पुण्यात कुणाला हा सण माहीत नाही, आपल्या लातूर-धाराशिवाकडंच त्याचं एवढं. शेतात कडब्याची कोप करू, चुन्यानं पांढरे केलेले पाच पांडव मांडू, लक्ष्मी पुजू. भज्जीत वाल, तुरीचे दाणे, हरभऱ्याचे सोले, गाजर, वांगं, पातीचा कांदा, बोरं, शेंगदाणे, रानात त्या दिवशी जे असेल ते सगळं पडतं, आणि ज्याला शेत नाही त्याला आधी बोलावून जेवू घालतात. गोष्टीतही असंच घाल, तुझ्या ऑफिसातला कंटाळा, लोकलमधली भांडणं, शेजारच्या खोलीतला रेडिओ, काही निवडून टाकू नकोस – आंबील पुरेशी आंबट असली की सगळ्या भाज्या एका चवीला येतात.

येताना साधी चप्पल घाल, रानात ओल असते. वही आण, पेन दोन आण. आंबिलीचं बिंदगं यंदा तुझ्या डोक्यावर देणार आहे. फोटो काढायला तुझ्या भावाला सांगून ठेव, तुझे दोन्ही हात वर असतील.