मधमाशीच्या घरातील बारा महिने



शाळेच्या गच्चीवर मधमाश्यांची एक पेटी ठेवावी, अशी सूचना पालक सभेत आली. सूचना चांगली आहे. तिला उत्तर देण्यापूर्वी पेटीचे वर्ष कसे असते, हे सर्वांना ठाऊक असावे म्हणून हा लेख.

माझे शिक्षण हिंदी माध्यमातून झाले. त्यामुळे 'मधुमक्खी' आणि 'पराग' हे शब्द मला लहानपणापासून माहीत होते. पण 'सातेरी' आणि 'मेणकिडा' हे शब्द मी महाबळेश्वरला शिकले. तेथे महाराष्ट्र राज्य खादी व ग्रामोद्योग मंडळाचे मध संचालनालय आहे. जवळचे मांघर हे गाव २०२२ साली देशातील पहिले 'मधाचे गाव' म्हणून जाहीर झाले. पुण्यातही १९६२ पासून केंद्रीय मधमाशी संशोधन व प्रशिक्षण संस्था आहे.

उंच इमारतींवर मोठे, उघडे, एकच पोळे लटकते ते आग्या माशीचे. ही माशी पेटीत राहत नाही. सातेरी माशी झाडाच्या ढोलीत, अंधारात, समांतर पोळी बांधते. म्हणूनच ती लाकडी पेटीतील चौकटींवर नांदते. खालच्या कोठीत अंडी व पिल्ले, वरच्या कोठीत मध, अशी तिच्या घराची मांडणी असते.

ऑक्टोबर ते जानेवारी : मधपाळाचे वर्ष पाऊस संपल्यावर सुरू होते. रानफुले, आइसक्रीमची वेल, शेवगा यांवर माश्यांना पराग मिळतो. राणी अंडी वाढवते. अंड्यापासून कामकरी माशी तयार होण्यास सुमारे तीन आठवडे लागतात. म्हणून बहर येण्याआधीच घर भरलेले असावे लागते. जुनी काळी पोळी काढावीत व थंडीत पेटीचे दार लहान करावे.

फेब्रुवारी व मार्च : घर भरले की वसाहत फुटते. पोळ्याच्या खालच्या कडेला शेंगदाण्यासारखी लोंबणारी राणीघरे दिसू लागतात. मग जुनी राणी बऱ्याच माश्या घेऊन निघून जाते. आठवड्याला एकदा चौकटी पाहाव्यात, जागा वाढवावी किंवा वसाहतीचे दोन भाग करावेत.

मार्च ते मे : कडुनिंब, जांभूळ, करंज आणि मागाहून चिंच फुलते. हा मधाचा काळ. माश्यांनी मेणाचे झाकण लावलेला मधच पक्का; उघड्या घरांतील मध पातळ असतो व आंबतो. मध यंत्राने काढावा, म्हणजे पोळे न मोडता माश्यांना परत देता येते. आपल्याकडच्या उन्हात पेटीला सावली आणि जवळ पाणी हवेच.

जून ते सप्टेंबर : हीच खरी परीक्षा. फुले कमी, पावसात बाहेर पडणे कठीण. या दिवसांत माश्या साठवलेल्या मधावर जगतात.

येथे माझी चूक सांगते. घरच्या गच्चीवर मी एक पेटी ठेवली होती. पहिल्या मे महिन्यात मध इतका सुरेख आला की मी सर्व चौकटी रिकाम्या केल्या. शेजारी, नातेवाईक, सर्वांना बाटल्या वाटल्या. जुलैमध्ये एका सकाळी पेटीजवळ गेले तर गुणगुण नाही. झाकण उघडले. पोळ्यांवर मेणकिड्याची जाळी, आणि माशी एकही नाही. अन्न संपले की सातेरी घर सोडून जाते. कौतुकाने वाटलेल्या त्या बाटल्यांत त्यांचा पावसाळा होता.

दुसऱ्या पेटीच्या वेळी मी निम्म्याहून अधिक मध ठेवला. साठा कमी वाटला तेव्हा साखर व पाणी समप्रमाणात घेऊन पाक केला आणि संध्याकाळी पेटीच्या आत ठेवला. बाहेर सांडला तर दुसऱ्या माश्या लुटायला येतात. मुंग्यांसाठी स्टँडच्या पायांखाली पाण्याच्या वाट्या ठेवल्या. ती वसाहत पावसाळा पार करून गेली.

आता सूचनेविषयी. माझे मत असे की यंदा पेटी आणू नये. सातेरी साधारण एक-दीड किलोमीटरच्या परिसरात चरते. त्यात आपल्या जामबागची फुलांची दुकाने येतात. पण हारांतल्या फुलांवर माशीचे पोट भरत नाही. तिला उभी झाडे हवीत. कोठीच्या जुन्या रेसिडेन्सीचे आवार, मुसीचा काठ, आपल्या गल्ल्या येथे कोणती झाडे कोणत्या महिन्यात फुलतात, हे सातवी ते नववीच्या विद्यार्थ्यांनी वर्षभर वहीत नोंदवावे. दंशाने ज्यांना जास्त त्रास होतो अशा मुलांची माहिती पालकांनी कार्यालयात द्यावी. विश्वस्तांनी ती वही पाहूनच निर्णय घ्यावा. जून ते सप्टेंबरची पाने कोरी राहिली, तर आधी झाडे लावू. पेटी नंतर येईल.

तोपर्यंत आग्या माशीच्या पोळ्याला कोणी दगड मारू नये, आणि घरी मधाची बाटली उघडताना त्या माश्यांसाठी किती मध मागे ठेवला असेल, हा प्रश्न एकदा मनात आणावा.

— मुख्याध्यापिका